कृत्रिम समुद्रजलासाठी मिठाच्या मिश्रणाची निवड

समुद्री शोभिवंत माशांचे संगोपन हा जोडधंदा आता केवळ किनाऱ्यापुरता राहिलेला नाही. विदूषक मासा, ज्यास बाजारात क्लाउनफिश म्हणतात, तो उबवणी केंद्रात जन्मास येतो व टाकीतच वाढतो. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर असलेल्या गावीही त्याचे संगोपन होऊ शकते. तेथे पहिली अडचण येते ती पाण्याची. समुद्राचे पाणी दुरून वाहून आणणे परवडत नाही. कोकणातही पावसाळ्यात खाडीचे व किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ होते आणि त्याचा खारेपणा उतरतो. यास्तव गोड्या पाण्यात मिठाचे तयार मिश्रण विरघळवून कृत्रिम समुद्रजल करावे लागते.

हे मिश्रण निवडण्यात चूक झाल्यास होणारे नुकसान मोठे असते. विदूषक माशाची सर्व पिले प्रथम नर असतात. जोडीतील मोठा मासा पुढे मादी होतो. जोडी जुळून अंडी घालू लागेपर्यंत बहुधा वर्षाहून अधिक काळ लागतो. अशी जोडी खराब पाण्याने दगावली, तर ते बियाण्याचे नव्हे, हाती आलेल्या पिकाचे नुकसान समजावे.

समुद्रजलात काय असते

इ. स. 1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगातील महासागरांची पाहणी केली. त्या वेळी जमविलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचे पृथक्करण डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले व 1884 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खारेपणा कमीअधिक असला तरी खुल्या समुद्रातील मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखेच राहते, असे त्यातून सिद्ध झाले. कृत्रिम समुद्रजल करणे शक्य होते ते यामुळेच.

1940 साली लायमन व फ्लेमिंग यांनी दिलेल्या सूत्राप्रमाणे एक किलो समुद्रजलात सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठ, 23.476 ग्रॅम असते. त्याखेरीज मॅग्नेशियम क्लोराइड 4.981, सोडियम सल्फेट 3.917, कॅल्शियम क्लोराइड 1.102, पोटॅशियम क्लोराइड 0.664 व खाण्याचा सोडा 0.192 ग्रॅम असतो. ब्रोमाइड, बोरिक आम्ल, स्ट्राँशियम इत्यादी अल्प प्रमाणात असतात. एकूण सुमारे साडेचौतीस ग्रॅम क्षारांपैकी अकरा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, साध्या मिठाखेरीज इतर क्षारांचा आहे.

मिठागराचे मीठ का चालत नाही

मीठ समुद्राचेच, मग ते पाण्यात घातले की समुद्रजल झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मिठागरात पाणी आटू लागले म्हणजे प्रथम चुना, नंतर जिप्सम व त्यानंतर मीठ खाली बसते. मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार बहुतांशी उरलेल्या कडू पाण्यातच राहतात आणि ते पाणी काढून टाकले जाते. म्हणून मिठागराच्या मिठाने पाणी खारट होते, पण समुद्रजल होत नाही. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन व मीठ मोकळे ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. तेही वापरू नये.

मिश्रण निवडताना काय पाहावे

1. *क्षारांचे प्रमाण.* खारेपणा हजारी 35 असताना दर लिटरला कॅल्शियम 400 ते 450 मिलिग्रॅम व मॅग्नेशियम 1250 ते 1350 मिलिग्रॅम मिळावे. हे आकडे वेष्टनावर नसतील तर ते मिश्रण घेऊ नये.

2. *अल्कता.* पाण्याची आम्ल सोसण्याची शक्ती म्हणजे अल्कता. ती डीकेएच या मापात मोजतात. नैसर्गिक समुद्रजलात ती सुमारे 7 असते. काही मिश्रणांत ती 7 ते 8, तर प्रवाळांसाठी केलेल्या काही मिश्रणांत 10 ते 12 ठेवलेली असते. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम व बायकार्बोनेट यांपासून बांधतात, म्हणून ही वाढ केलेली असते. केवळ मासे असलेल्या टाकीस साधे मिश्रण पुरते. तेथे अधिक पैसे देण्याचे कारण नाही.

3. *सातत्य.* एकदा निवडलेले मिश्रण वरचेवर बदलू नये. टाकीतील अल्कता 8 असताना 12 अल्कतेचे पाणी दहावा हिस्सा बदलून घातले, तर टाकीची अल्कता 8.4 होते. तेच निम्मे पाणी बदलल्यास ती एकदम 10 होते. असा धक्का प्रवाळांस विशेष बाधतो. मिश्रण बदलणे भागच पडले तर थोडे थोडे पाणी बदलून ते करावे.

4. *खरी किंमत.* किंमत किलोवर न पाहता लिटरवर पाहावी. काही क्षारांत पाण्याचा अंश बांधलेला असल्याने हजारी 35 खारेपणासाठी निरनिराळ्या मिश्रणांचे लिटरमागे 36 ते 40 ग्रॅम लागतात. वीस किलोच्या गोणीतून पहिल्या प्रकारचे सुमारे 555 लिटर, तर दुसऱ्या प्रकारचे 500 लिटर पाणी होते.

पाणी व विरघळविण्याची रीत

मिश्रण कितीही चांगले असले तरी मूळ पाणी वाईट असल्यास उपयोग होत नाही. विहिरीच्या वा विंधन विहिरीच्या पाण्यात नायट्रेट, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन असू शकते. तांब्याचा अल्प अंशही प्रवाळ, कोळंबी इत्यादी जीवांस घातक ठरतो. यास्तव आरओ यंत्राने शुद्ध केलेले पाणी घ्यावे व टीडीएस मापकाने ते तपासावे. तांब्या-पितळेची अगर जस्त चढविलेली भांडी वर्ज्य करून खाद्यपदार्थांसाठी चालणारे प्लॅस्टिकचे पिंप वापरावे.

प्रथम पिंपात पाणी घ्यावे व ते पंपाने फिरते ठेवून त्यात मिश्रण हळूहळू टाकावे. मिश्रणावर पाणी ओतू नये. तसे केल्यास दाट द्रावणात चुना साखळून तळाशी बसतो व कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही उतरतात. वेष्टनावर वेगळी सूचना नसल्यास पाणी एक दिवस फिरते ठेवून मगच वापरावे. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजावा. ते उपकरण हजारी 35 च्या प्रमाण द्रावणाने अधूनमधून पडताळून घ्यावे. मासे असलेल्या टाकीत कोरडे मिश्रण कधीही टाकू नये. बाष्पीभवनाने घटलेले पाणी केवळ शुद्ध गोड्या पाण्याने भरावे, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत.

मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे क्लोराइड हवेतील ओल ओढून घेतात. म्हणून गोणी हवाबंद डब्यात ठेवावी व पावसाळ्यापूर्वी मोठा साठा करू नये. वाहतुकीत बारीक व जाड कण वेगळे होतात. मिश्रण काढण्यापूर्वी ते नीट ढवळून घ्यावे.

प्रवाळांविषयी कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली कठीण प्रवाळांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे मालवण वा अन्य किनाऱ्यावरून जिवंत अथवा मृत प्रवाळ उचलून टाकीत ठेवणे हा गुन्हा ठरतो. गावातील संगोपकाने उबवणी केंद्रात जन्मलेले मासेच घ्यावेत व आडोशासाठी मातीची कौले वा कुंड्या ठेवाव्यात. मासे त्यांवर समाधानाने अंडी घालतात.

वापरलेल्या पाण्याची विल्हेवाट

ही बाब शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. पाचशे लिटरच्या टाकीतून आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलल्यास 50 लिटर खारे पाणी बाहेर पडते. त्यात सुमारे पावणेदोन किलो क्षार असतात. वर्षाकाठी ते 90 किलोंच्या वर जातात. हे पाणी शेतात, परसात अगर विहिरीजवळ ओतल्यास जमिनीत सोडियम साठतो, माती घट्ट होते व पाणी मुरेनासे होते. खारे पाणी शिरलेल्या शेताची दशा कोकणातील शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून जाड प्लॅस्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात हे पाणी वाळवावे, पावसाळ्यात खड्ड्यावर छप्पर घालावे व उरलेले क्षार गोळा करून जमिनीपासून दूर ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा जोडधंदा सुचविताना टाकीची जागा पाहण्याआधी या खड्ड्याची जागा पाहावी. ज्या घरी ती सोय नाही, तेथे टाकी बसविण्याची घाई करू नये. कारण माशांची जोडी पुन्हा आणता येते, परंतु खारावलेली जमीन सुधारण्यास वर्षे लागतात.