वळताना कटकट: एक्सल बदलायचा की जॉइंट?

प्रश्न: माझी 2011 ची डिझेल हॅचबॅक 1,60,000 किलोमीटर चालली आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना पुढच्या डाव्या चाकाकडून कटकट आवाज येतो. मेकॅनिक पूर्ण एक्सल बदलायला सांगतो. तो बदलावाच लागेल का?

उत्तर: पैसे काढण्याआधी चाकामागे वाकून बघा. तिथे रबराचा घड्याघड्यांचा बूट असतो. तो फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. ग्रीस गेलं की धूळ-पाणी आत शिरतं आणि बुटाखाली असलेल्या जॉइंटमधल्या पोलादी गोळ्यांच्या खाचा झिजतात. कटकट त्याचीच. अशा वेळी नवं ग्रीस भरून, नवा बूट चढवून उपयोग नाही. झिजलेलं पोलाद भरून येत नाही. आवाज नसताना बूट फाटलेला सापडला असता, तर तेवढ्यावर भागलं असतं.

मात्र आवाज फक्त वळताना येत असेल, तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंटच गेलाय. बहुतेक गाड्यांना तो सुटा मिळतो, एक्सलचा शाफ्ट तोच राहतो. वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंटही तपासा. दोन्ही गेले असतील तर मेकॅनिकचं बरोबर आहे. जुन्या बाजारातला एक्सल मी बसवणार नाही, त्याची झीज बाहेरून कळत नाही.

काम करताना गिअरबॉक्सचं ऑइल सील आणि हबचा नट नवाच घालायला सांगा. सांडलेलं गिअर ऑइल भरून घ्या. आणि उजवा बूटही बघून घ्या, त्याचं वयही तेवढंच आहे.