‘नाटक करते’ असे म्हणण्यापूर्वी



मी शाळामास्तर आहे, डॉक्टर नव्हे, हे प्रथमच सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीच्या मनगटावर ब्लेडचे ओरखडे दिसले. मैत्रिणीने अबोला धरला, एवढेच निमित्त. मी सर्वांदेखत म्हणालो, “ही नाटके घरी करायची.” त्यानंतर ती भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे स्वेटर घालून येऊ लागली. ओरखडे थांबले नव्हते. मला दिसेनासे झाले होते, इतकेच. माझे काय चुकले हे कळण्यासाठी मला बरेच वाचावे लागले. त्यातले थोडे आपल्यापुढे मांडतो.

त्या मुलीला कोणता आजार होता की नव्हता, हे मी ठरवू शकत नाही. तो मनोविकारतज्ज्ञाचा अधिकार. परंतु ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ नावाचा एक विकार आहे. त्यात आपले माणूस आपल्याला सोडून जाईल ही धास्ती मनाला सतत पोखरते. आज जो देवमाणूस वाटतो तो उद्या वैरी वाटतो. राग आवरत नाही, आत सारे रिकामे वाटते, आणि कित्येकजण स्वतःला इजा करून घेतात. ‘बॉर्डरलाइन’ म्हणजे सीमेवरचा. १९३८ साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकन डॉक्टरांनी हा शब्द अशा रुग्णांसाठी वापरला. त्याचा अर्थ ‘अर्धवट वेडा’ असा कोणी घेऊ नये.

या विकारावरील एक प्रमुख उपचार जिने घडवला ती बाई स्वतः त्याच आगीतून गेलेली होती. मार्शा लिनेहान यांना १९६१ साली, सतराव्या वर्षी, अमेरिकेतील हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात ठेवले होते. दोन वर्षांहून अधिक काळ त्या तेथे होत्या. पुढे त्या शिकल्या, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, आणि २०११ साली त्याच रुग्णालयात उभे राहून त्यांनी आपली कहाणी जाहीरपणे सांगितली.

त्यांचे म्हणणे असे : काही माणसांच्या भावना जन्मतःच तीव्र असतात, आणि भोवतालची माणसे ‘त्यात रडण्यासारखे काय आहे?’ म्हणून त्या सतत उडवून लावतात. या दोहोंतून विकार वाढतो. टाकून बोलणारी आई वाईटच असते असे नव्हे, बरे का. दिवसभर राबून आलेल्या बाईला लेकीच्या मनाचा ठाव घ्यायला सवड कोठून मिळणार? परंतु घाव बसतो तो बसतोच.

लिनेहान यांनी आधी रुग्णांना ‘बदला’ एवढेच सांगून पाहिले. रुग्ण दुखावले, आम्हीच दोषी का, म्हणाले. मग नुसते समजून घेतले, तर ते म्हणाले, म्हणजे आम्हाला मदत करणारच नाही काय? तेव्हा दोन्ही एकत्र धरावे लागले : तू आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलायचेही आहे. दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या. म्हणून या उपचाराला ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’, म्हणजे द्वंद्वात्मक वर्तनोपचार, म्हणतात.

हा ‘मान्य करण्याचा’ भाग त्यांना झेन बौद्ध साधनेत सापडला. १९८३ साली त्या कॅलिफोर्नियातील शास्ता अ‍ॅबे या झेन मठात राहिल्या. मात्र लांब ध्यानबैठका रुग्णांना झेपेनात. म्हणून त्यांनी स्मृतीची साधना लहान लहान सवयींत मोडली : मनात काय उठले ते पाहा, त्याला शब्द द्या, निवाडा करू नका. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अशा मुलीला देवरशाकडे नेत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण ‘दहा दिवस शिबिरात बसव, बरी होईल’ असे म्हणणारे आहेत. डॉक्टरांना विचारल्यावाचून तसे करू नका.

उपचारात आठवड्यातून एकदा एकट्याने बोलणे आणि एकदा गटात शिकणे असते. रागाचा कडेलोट झाला तर परातीत थंड पाणी घेऊन, श्वास रोखून, अर्ध्या मिनिटापर्यंत तोंड बुडवायचे. त्याने हृदयाची गती मंदावते. (हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे करू नये.) इजा करून घेतली असेल तर त्याआधी काय घडले, मनात काय आले, मग काय केले, अशी कडीला कडी जोडून पाहायची. वाचकांना प्रतीत्यसमुत्पाद आठवेल, परंतु ही रीत वर्तनशास्त्रातून आलेली आहे. १९९१ साली लिनेहान यांनी प्रसिद्ध केलेल्या वर्षभराच्या चाचणीत हा उपचार घेणाऱ्या स्त्रियांनी स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार कमी झाले आणि रुग्णालयात राहण्याचे दिवसही घटले.

घरी आपण काय करावे? ‘ब्लेड चालवलेस ते ठीक केलेस’ असे म्हणायचे नाही. ‘मैत्रीण बोलेना म्हणून तुझा जीव तुटला असेल’ एवढे म्हणायचे, आणि गप्प राहून ऐकायचे. मी हे वाक्य त्या दिवशी बोलू शकलो असतो. त्याला पदवी लागत नव्हती.

पोलिसांच्या भीतीने कोणी लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे धरले जाते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. फोन लावाल तेव्हा मुलीला शेजारी बसवा. तिच्या पाठीमागे, दाराआड कुजबुजून लावू नका.