पहिलटकरणीलाच हिवताप का छळतो?



केनिया देशाच्या पश्चिम भागात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, हिवतापाचा उपद्रव फार मोठा आहे. तेथे जन्मलेल्या मुलीला पहिली चार-पाच वर्षे फार जपावे लागते. त्यातून ती वाचली, तर तिचे शरीर हळूहळू या रोगाला सरावते. विशीत आल्यावर रक्तात थोडेफार जंतू असले तरी तिला सहसा ताप भरत नाही. ती शेतात राबते, पाणी भरते. पण तिला पहिल्यांदा दिवस गेले की चित्र पालटते. रक्तातील जंतू वाढतात, पंडुरोग जडतो, आणि मूल अनेकदा अडीच किलोग्रॅमपेक्षाही कमी वजनाचे जन्मते. काही वेळा ते मृतच जन्मते. विशेष हे की, दुसऱ्या खेपेस हा त्रास कमी होतो आणि तिसऱ्या खेपेस त्याहूनही कमी.

असे का व्हावे? गरोदरपणी प्रतिकारशक्ती क्षीण होते, असे उत्तर पूर्वी देत असत. पण ते खरे असते तर प्रत्येक खेपेस सारखाच त्रास व्हायला हवा होता. तेव्हा उत्तर दुसरीकडे शोधले पाहिजे.

आईचे शरीर दुसऱ्याच्या कातडीचा तुकडा स्वीकारत नाही. मग अर्धे गुण पित्याचे असलेला गर्भ ते नऊ महिने कसे सांभाळते? पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली हा प्रश्न मांडला. आज आपल्याला कळले आहे की, गर्भाशयातील रक्षक पेशी झोपी जात नाहीत. त्यांचे काम बदलते. नियंत्रक टी-पेशी इतर पेशींना आवर घालतात. ‘नैसर्गिक मारक’ असे भयंकर नाव असलेल्या पेशी तर चक्क गर्भाशयातील रक्तवाहिन्या रुंद करण्यास मदत करतात. आता नळी रुंद झाली की प्रवाहाचा वेग घटतो, हे आमच्या पदार्थविज्ञानाचे क्षेत्र! म्हणूनच एका भौतिकीच्या शिक्षकाने या विषयात नाक खुपसले आहे.

या रुंद वाहिन्यांतून आईचे रक्त वारेत येते. (वार म्हणजे नाळेच्या आईकडील टोकाचा मांसल भाग.) तेथे ते एखाद्या संथ डोहासारखे पसरते, आणि त्यात बाळाकडील असंख्य केसाळ अंकुर बुडालेले असतात. दिवस भरताना या अंकुरांचे क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस मीटर, म्हणजे घरातील एका मध्यम खोलीच्या जमिनीएवढे होते. प्राणवायू आणि अन्नरस याच पृष्ठभागातून बाळाकडे जातात.

आता जंतूकडे वळू. फाल्सिपेरम जातीचा हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून तिच्या बाहेरच्या बाजूस चिकट प्रथिने लावतो. त्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि पांथरीच्या गाळणीत सापडत नाही. अशा प्रथिनांचे सुमारे ६० नमुने त्याच्याजवळ असतात. तो एका वेळी एकच वापरतो. १९९६ साली केनियात काम करणाऱ्या मिकाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी दाखवले की, वारेतील जंतू कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए या पदार्थाला चिकटतात. इतर रुग्णांतील जंतू तसे चिकटत नाहीत. हा पदार्थ वारेच्या अंकुरांवर असतो. म्हणजे त्या मुलीने लहानपणापासून कमावलेली प्रतिपिंडे जुन्या नमुन्यांविरुद्धची होती. हा नवा नमुना तिच्या शरीराने पाहिलाच नव्हता! पुरुष जन्मभर हिवतापाच्या प्रदेशात राहिला तरी त्याच्या रक्तात ही खास प्रतिपिंडे सहसा मिळत नाहीत. त्याला वार कुठली?

मग पहिलटकरणीच्या वारेत काय घडते? प्रतिपिंडे नसल्याने जंतू साचत जातात. धोक्याची खूण पटून वारेतून रासायनिक हाका सुटतात, आणि आईच्या भक्षक पेशी तेथे थव्याने येतात. त्या जंतू गिळतात. जंतूंचे काळपट रंगद्रव्य त्यांच्या पोटात दिसते. पण त्याचबरोबर त्या व त्यांच्या जोडीच्या टी-पेशी दाह वाढवणारी द्रव्येही सोडतात. अंकुरांवर तंतूंचा थर बसतो, पडदा जाड होतो. पडद्याची जाडी दुप्पट झाली की त्यातून झिरपणारा प्राणवायू निम्मा होतो, हा साधा नियम तुम्हाला ठाऊक असेल. अमिनो आम्ले मात्र नुसती झिरपत नाहीत, पडद्यातील प्रथिने ती पंपासारखी ओढतात. आणि भक्षक पेशींची दाटी असलेल्या वारेत हे पंपही मंदावलेले आढळले.

येथे थोडे थांबून विचार करा. बाळाची उपासमार केवळ जंतू करत नाही. अनेक वारांच्या तपासणीत असे दिसले की, नुसते जंतू असले तर बाळाचे वजन तुलनेने कमी घटते. भक्षक पेशींची गर्दी असली तर अधिक घटते. घरात चोर शिरला म्हणून सारा गाव काठ्या घेऊन आत घुसावा आणि झटापटीत चूलच मोडावी, तसा हा प्रकार आहे. मला तर ही गोष्ट चोरापेक्षाही अधिक विचार करायला लावते.

दुसऱ्या खेपेस प्रतिपिंडे तयार असतात. ती जंतूंना अंकुरांवर चिकटूच देत नाहीत. जंतू साचत नाहीत, हाका सुटत नाहीत, थवा येत नाही.

आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलपट्टीत फाल्सिपेरम हिवताप आढळतो. पण आफ्रिकेतल्याएवढी सतत लागण नसल्याने आपल्या प्रौढ स्त्रियांत जुना प्रतिकारही फारसा मुरलेला नसतो. म्हणून येथे कोणत्याही खेपेच्या गरोदर स्त्रीला ताप आल्यास त्वरित रक्त तपासून घ्यावे लागते. आफ्रिकेत मच्छरदाणीबरोबर गरोदरपणी ठराविक अंतराने औषधही देतात. मुलींना पहिल्या गरोदरपणाआधीच या चिकट प्रथिनाची ओळख करून द्यावी, या विचाराने केलेल्या दोन लशी माणसांवरील पहिल्या चाचण्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. अडचण अशी की, हे प्रथिनही सर्व जंतूंत तंतोतंत सारखे नसते.