परीक्षा, टेन्शन आणि मुरुमं

शंका : मी बारावीला आहे. वर्षभर गालांवर मुरुमं येताहेत, परीक्षा जवळ आली की जास्तच. मैत्रिणीच्या क्रीमने आठ दिवसांत चेहरा उजळला, पण क्रीम बंद करताच दुप्पट मुरुमं उठली. आता क्लासमध्येही स्कार्फ काढत नाही. आई म्हणते, "वय आहे, जातील आपोआप." हे टेन्शनमुळे होतं का?
– एक विद्यार्थिनी, कराड

समाधान : नुसत्या टेन्शनने मुरुमं होत नाहीत, पण असलेली बळावतात. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात आणि आत दाह सुरू होतो. मनावरच्या ताणाने त्यात भर पडते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००३ साली विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा परीक्षेचा ताण जास्त वाढला, त्यांची मुरुमंही जास्त वाढली होती. म्हणजे तुझं निरीक्षण बरोबर आहे.

अभ्यास करताना हात नकळत गालावर जातो का, तेही बघ. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं वाचता वाचता नखाने मुरुमं खुडतात. मुरुम बरं होतं, खड्डा आणि काळा डाग मागे राहतो.

त्या क्रीमची ट्यूब आधी बघ. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते आणि मुरुमं उसळतात. अशी क्रीमं औषधाच्या दुकानात सहज मिळतात, याचा मला मनापासून राग येतो. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना भेट. मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन यांसारखी चांगली औषधं आहेत. सुरुवातीला त्वचा थोडी कोरडी पडते आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नकोस. चेहरा दिवसातून दोनदाच सौम्य साबणाने धू.

स्कार्फबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. लोकांत जाणं टाळणं, झोप न लागणं, सतत रडू येणं असं असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ या मोफत क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असं वाटलं, तर त्याच दिवशी फोन कर आणि घरी सांग.

आणि आईंना विनंती : वाट बघत बसू नका. या आठवड्यातच मुलीला डॉक्टरांकडे घेऊन जा.