आईसाठी वकील बघताना

काल फोनवर एका दमात सगळं सांगितलंस बघ. आईचं पासबुक दादाकडे, पेन्शन जमा झाली की लगेच एटीएममधून काढलेली, बीपीच्या गोळ्या संपलेल्या, आणि फ्लॅटच्या कुठल्याशा कागदावर तिची सही घेतलेली. शेवटी म्हणालीस, “ताई, एखादा चांगला वकील सुचव.” सुचवते गं. पण आधी थोडं ऐकून घे, नाहीतर घाबरून कोर्टासमोरच्या पहिल्याच पाटीखाली शिरशील.

आई आज सुरक्षित आहे ना? कुणी हात उगारला असेल तर वकिलाची वाट बघत बसू नकोस. आधी पोलीस ठाणं आणि सरकारी दवाखाना. तिथे डॉक्टरांना “बाथरूममध्ये पाय घसरला” असं सांगायची आपल्या आयांना भारी खोड. मुलाचं नाव तोंडातून निघत नाही. तू शेजारी बस, हात धर, पण उत्तर तिचं तिला देऊ दे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तोही नंबर लिहून ठेव.

आता वकिलाचं. खरं सांगू का, जिथे तुला वकील सगळ्यात जास्त लागेल असं वाटतंय, नेमका तिथेच कायदा त्याला दाराबाहेर ठेवतो! २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचा अर्ज कोर्टात जात नाही, प्रांत ऑफिसात जातो. उपविभागीय अधिकारी तिथे न्यायाधिकरण म्हणून बसतात. आणि कलम १७ म्हणतं, कुठल्याच बाजूने वकील उभा राहणार नाही. हेतू चांगलाच होता. मुलाने नामांकित वकील आणायचा आणि आईने नुसत्या तारखा मोजायच्या, असं होऊ नये. पुढे २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वकिलांच्या बाजूने निकाल दिला. म्हणून आपल्या प्रांत ऑफिसात सध्या काय चालतं ते तिथल्या कारकुनालाच जाऊन विचार. लाजू नकोस, दिवसभर तेच प्रश्न ऐकत असतात ते. पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाली काढायचा असतो, फार तर आणखी तीस. रक्कम महिन्याला दहा हजारांच्या वर जात नाही.

मग वकील कशाला? त्या फ्लॅटच्या कागदासाठी. ते बक्षीसपत्र आहे, हक्कसोडपत्र आहे, की नुसतं मुखत्यारपत्र, हे आधी कळायला हवं. दुय्यम निबंधकांकडून त्याची नक्कल काढ. बक्षीसपत्र असेल तर त्यात ‘आईचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ अशा अर्थाची ओळ आहे का, ते वकिलाला बोट ठेवून दाखवायला सांग. कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट असल्याचं दिसलं पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला. त्या प्रकरणात मुलाने सांभाळाची हमी वेगळ्या कागदावर लिहून दिली होती. म्हणून घरातली जुनी चिठ्ठीसुद्धा टाकू नकोस.

आणखी एक वाट आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त सुनांसाठी असतो असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही, आईलाही त्याखाली दाद मागता येते. ते काम दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात चालतं आणि तिथे वकील बिनधास्त उभा राहतो.

पैशांचा घोर लावून घेऊ नकोस. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. खासगी वकील केलास तर फी आधी लिहून घे: अर्जाचे किती, दर तारखेचे किती, टायपिंग-झेरॉक्स त्यात धरलंय की वेगळं. “फ्लॅट सुटला की त्यात माझे दहा टक्के” असं कुणी म्हटलं तर चहा पिऊन ऊठ. वकिलांना तसा वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे. आणि “पंधरा दिवसांत मुला-सुनेला बाहेर काढून दाखवतो” म्हणणाऱ्याकडे तर चहासुद्धा नको. सुनेचाही राहत्या घरावर हक्क असू शकतो, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच तसं सांगितलंय. चांगला वकील ही अडचण पहिल्या भेटीतच सांगेल, आणि तुला ती ऐकायला आवडणार नाही.

भेटीला जाताना पासबुकाच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या, तारीखवार लिहिलेलं एक पान, एवढंच ने. मी माझ्या मावशीच्या वेळी वकिलांना आमच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा इतिहास ऐकवला होता, लग्नातल्या मानपानासकट. ते बिचारे पेन बंद करून बसले.

आता जरा कडू बोलते, रागावू नकोस. फी तू भरणार असलीस तरी वकील आईचा. वकीलपत्रावर सही तिची, आणि ती कोऱ्या कागदावर अजिबात नाही. पहिल्या भेटीत वकिलाने तिच्याशी एकटीशी बोलायला मागितलं तर तू निमूट बाहेर बाकावर बस. ज्याने मागितलंच नाही, त्याच्याबद्दल मी दोनदा विचार करीन. दादा पहिल्या तारखेला म्हणणार, “हिला फ्लॅट हवाय, म्हणून आईला पढवलंय.” म्हणतोच गं प्रत्येक दादा! त्यावर तुझं उत्तर चालत नाही, आईचं चालतं. तिला फ्लॅट परत नकोच असेल, फक्त दोन वेळचं गरम जेवण आणि स्वतःचं पासबुक हवं असेल, तर अर्जात तेवढंच मागायचं. तुझा संताप त्यात घालू नकोस. तो माझ्याकडे आणून टाक, मी आहे.

तडजोडीचा विषय निघेल, न्यायाधिकरणही आधी समेट घडवून बघतं. होऊ दे. पण ‘नीट सांभाळीन’ एवढ्यावर उठायचं नाही. किती रुपये, कुठल्या तारखेला, कुणाच्या खात्यात, दवाखान्याला कोण नेणार, तुझा फोन तिला कोण देणार, सगळं कागदावर. सही करण्याआधी आईला तो कागद मोठ्याने वाचून दाखव आणि तिचा चष्मा घरून घेऊन जा. तो नेहमी टीव्हीवरच राहतो.