देशभक्त रत्नाप्पा कुंभार

कोल्हापूर जिल्ह्यातील नृसिंहवाडी येथे कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांचा संगम आहे. दत्ताच्या दर्शनासाठी दूरदूरचे लोक येथे येतात. नदीकाठची जमीन काळी व कसदार आहे. जिकडे पाहावे तिकडे ऊस डोलताना दिसतो. हे गाव शिरोळ तालुक्यात आहे. याच तालुक्यातील निमशिरगाव या लहानशा गावी १९०९ साली रत्नाप्पा कुंभार यांचा जन्म झाला.

त्या काळी शिरोळचा भाग कोल्हापूर संस्थानात होता. संस्थान म्हणजे राजाचे राज्य. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. खेड्यातील मुलांना शाळेची वाट मोकळी झाली. रत्नाप्पा पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले.

शिक्षणाने माणूस विचार करू लागतो. रत्नाप्पांच्याही मनात प्रश्न आला, ‘राजा चांगला असेल तर प्रजा सुखी होईल, पण कारभारात प्रजेला मत का नसावे?’ असाच विचार करणारे आणखीही लोक होते. १९३९ साली कोल्हापूर संस्थानात प्रजा परिषद स्थापन झाली. माधवराव बागल तिचे पुढारी होते. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी कारभार करावा, अशी परिषदेची मागणी होती. रत्नाप्पा या कामात पुढे होते.

१९४२ साली ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाले. रत्नाप्पा भूमिगत झाले. पोलीस त्यांच्या मागावर होते. आज या गावी, तर उद्या त्या गावी, असे दिवस त्यांनी काढले. त्यांना आसरा देणेही धोक्याचे होते. तरी लोकांनी त्यांना सांभाळले.

देश स्वतंत्र झाला. रत्नाप्पा संविधान सभेचे सदस्य झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी संविधानावर सह्या केल्या. त्यांत रत्नाप्पांचीही सही होती. एकेकाळी ज्यांना पोलीस शोधत होते, त्यांनीच देशाचा सर्वांत मोठा कायदा घडवण्यास हात लावला!

मत मिळाले, पण शेतकऱ्याच्या घामाला दाम कोण देणार? रत्नाप्पांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा केला. सहकारी कारखान्यात ऊस पिकवणारा शेतकरी स्वतः सभासद असतो. सभासदाचे शेत मोठे असो वा लहान, मत एकच! संविधानातील समानता अशी शेताच्या बांधापर्यंत आली.

शिरोळच्या मतदारांनी त्यांना एकापेक्षा अधिक वेळा विधानसभेवर पाठवले. ते राज्यमंत्रीही झाले. १९८५ साली त्यांना ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. १९९८ साली त्यांचे निधन झाले. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय आहे.

मुलांनो, अठरा वर्षांचे झाल्यावर तुम्हीही मत द्याल. तेव्हा हे मत मिळवण्यासाठी घरदार सोडणाऱ्यांची आठवण ठेवा.

शब्दार्थ
कसदार – भरपूर पीक देणारी
भूमिगत होणे – लपून राहून काम करणे
विलीन होणे – मिसळून जाणे
आसरा – राहण्यासाठी जागा, आधार

स्वाध्याय
१. प्रजा परिषदेची मागणी कोणती होती?
२. सहकारी कारखान्यात शेतकऱ्याला कोणता हक्क असतो?
३. ‘चांगला राजा असला, तरी प्रजेला मत हवे.’ तुम्हांला काय वाटते? पाच वाक्ये लिहा.