बातमी लेखन : यंत्राच्या बातमीत माणूस कसा शोधायचा?



बातमी लेखनासाठी 'तंत्रज्ञान' हा विषय दिला की मुलं काय लिहितात, ते तुम्हीही पाहिलं असेल. नवा मोबाइल आला, कॅमेरा इतका, बॅटरी तितकी, किंमत अमुक. भाषा बरोबर असते, पण बातमीत माणूसच नसतो. 'माणूस आणा' म्हटलं की 'ग्राहकांमध्ये आनंदाचे वातावरण' एवढं एक वाक्य वाढतं! म्हणून मी वर्गात ब्रिटनमधली एक खरी गोष्ट सांगते.

तिथे खेड्यापाड्यांतलं पोस्ट बरेचदा दुकानातच असतं आणि दुकानदारच ते चालवतो. १९९९ च्या सुमारास या पोस्टांमध्ये 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवायला सुरुवात झाली. मग अनेकांचा हिशेब जुळेना. संगणक म्हणायचा, पैसे कमी आहेत. तूट स्वतःच्या खिशातून भरा, नाहीतर चोरीचा खटला. मदतीसाठी फोन केला की कित्येकांना उत्तर मिळायचं, 'असं फक्त तुमच्याकडेच होतंय.'

२००४ मध्ये वेल्समधले पोस्टमास्तर अ‍ॅलन बेट्स यांनी 'कॉम्प्युटर वीकली' या साप्ताहिकाला हे कळवलं. बातमी छापून आली नाही. इथे थांबून मुलांना विचारा, का बरं? एका माणसाची तक्रार खरी असू शकते, पण ती त्याचीच चूकही असू शकते. २००८ मध्ये यॉर्कशरच्या ली कॅसलटन यांनी त्याच साप्ताहिकाकडे तीच तक्रार केली. गाव वेगळं, माणूस वेगळा, दुखणं एकच. आता शोध सुरू झाला. रिबेका थॉमसन या तरुण वार्ताहराने आणखी पोस्टमास्तर गाठले आणि मे २००९ मध्ये सात जणांच्या कहाण्या एकत्र छापल्या. प्रणालीत दोष नाही, हे पोस्टाचं म्हणणंही त्यात होतं. दुसऱ्या बाजूला विचारायचं असतं, हे आपली मुलं हमखास विसरतात.

सातांपैकी जो हॅमिल्टन यांचा प्रसंग मी सावकाश सांगते. सुमारे दोन हजार पौंडांची तूट दिसली म्हणून त्यांनी फोन केला. पलीकडून सांगितलं तसं त्या बटणं दाबत गेल्या आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. 'प्रणालीत त्रुटी होत्या' असं लिहिलं तर कुणाच्या लक्षात राहील? हा प्रसंग मात्र मुलं घरी जाऊन सांगतात.

दुसरे पत्रकार निक वॉलिस. २०१० मध्ये टॅक्सीच्या कामानिमित्त त्यांची एका चालकाशी ओळख झाली. बोलता बोलता कळलं, त्याची गरोदर बायको तुरुंगात आहे. त्या म्हणजे भारतीय वंशाच्या सीमा मिस्रा. वॉलिस पुढे कितीतरी वर्षं या विषयामागे राहिले.

खरं सांगायचं तर २००९ च्या बातमीने लगेच काहीच बदललं नाही. खटले पुढेही चालूच राहिले. प्रणालीत दोष होते, हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं. हॅमिल्टन आणि मिस्रा यांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. एकूण नऊशेहून अधिक लोक दोषी ठरवले गेले होते. हे मुलांपासून लपवू नका.

आता गृहपाठ. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा जुळला नाही, असं कुणाच्या घरी झालंय का? पालकहो, यात तुमची मदत लागेल. मुलांनी त्या माणसाला विचारायचं : कोणता दिवस होता, मशीनवर काय दिसलं, मग तुम्ही काय केलं, पावती आहे का? नाव लिहू का, हेही विचारायचं. मग तसाच दुसरा माणूस शोधायचा आणि शेवटी दुकानदाराशी बोलायचं.

गेल्या वेळी एका मुलीने आजीचं लिहून आणलं. भांडी घासून घासून अंगठ्याच्या रेषाच पुसट झाल्यात, तीन फेऱ्या मारल्या. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शेजारच्या काकूंना विचारायचं राहिलं.' मी गुण दिले नाहीत, सोमवारपर्यंत मुदत दिली.